मदत हवी आहे : घरात लाइट असताना इन्व्हर्टर बॅटरीवर का जातो? वडिलांचा ऑक्सिजन त्यावर आहे

नमस्कार मंडळी. आई-आप्पा सांगोला तालुक्यात मळ्यातल्या वस्तीवर राहतात, मी पुण्यात असते. आप्पांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) आहे. डॉक्टरांनी रात्रभर मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन लावायला सांगितलाय. त्यासाठी ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेवरचं मशीन) आहे, त्यावर ३५० वॉट लिहिलंय. तो ९०० व्हीएच्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवर चालतो. बॅटरी १५० एएचची ट्युब्युलर, तीन वर्षांची.

आठवड्यातल्या तीन-चार रात्री साडेनऊनंतर इन्व्हर्टर थांबून थांबून बीप द्यायला लागतो. 'मेन्स'चा हिरवा दिवा विझतो, बॅटरीचा लागतो. पण लाइट गेलेली नसते! पडवीतला बल्ब इन्व्हर्टरवर नाही, तो मिणमिणत का होईना चालूच असतो. तासा-दीड तासात बीप भराभर येतात, लाल दिवा लुकलुकतो आणि सगळं बंद पडतं. लगेच कॉन्सन्ट्रेटर स्वतः ओरडायला लागतो. परवा रात्री साडेअकराला आईने व्हिडिओ कॉल केला, फोन दोन्ही मशीनसमोर फिरवला आणि म्हणाली, "ह्यातलं कोण बोंबलतंय तेच कळंना गं." पॅनेलवरची अक्षरं इंग्रजी, तिला ती वाचता येत नाहीत. तिने कॉन्सन्ट्रेटरची पिन काढून भिंतीतल्या साध्या प्लगला लावली, तर मशीन नुसतं घरघरलं आणि त्याचाही लाल दिवा लागला. आप्पा तोवर उठून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून.

गावातले वायरमन दादा म्हणाले, इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस'वरून दुसऱ्या बाजूला टाका, बीप बंद होईल. आईने मला विचारल्याशिवाय हात लावू दिला नाही. टाकू का? बॅटरी संपली आहे की इन्व्हर्टर बिघडलाय? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

ताई, ते बटण अजिबात हलवू नका. आईंनी अडवलं ते फार बरं केलं.

मी वीस वर्षं इन्व्हर्टर दुरुस्त करतोय. तुमचा इन्व्हर्टर बिघडलेला वाटत नाही. यूपीएस मोडमध्ये बाहेरचा दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला की इन्व्हर्टरच्या लेखी लाइट गेलेलीच असते. तो बॅटरीवर जातो, म्हणून मेन्सचा दिवा विझतो. दुसऱ्या मोडमध्ये तो १०० व्होल्टपर्यंतचा दाब तसाच पुढे सोडतो. बीप थांबेल, पण तेच १५०-१६० व्होल्ट थेट कॉन्सन्ट्रेटरच्या कॉम्प्रेसरला जातील. भिंतीच्या प्लगवर ते घरघरलं ते यामुळेच. असं रात्रभर चाललं तर कॉम्प्रेसर जळेल.

आठवड्यातल्या ठरावीक रात्रीच होतं म्हणता, तर शेतीची थ्री फेज त्याच रात्री असते का बघा. डीपीवरचे (तुमच्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एकदम सुरू झाले की दाब कोसळतो. त्यात भर म्हणजे तेवढा वेळ बॅटरी चार्जही होत नाही.

नुसती हळू बीप म्हणजे बॅटरीवर चाललंय. भराभर बीप आणि लाल दिवा म्हणजे बॅटरी संपत आलीय, साधारण साडेदहा व्होल्टला तो स्वतःच बंद होतो. बॅटरी भरलेली असताना पंखा-मिक्सर लावल्या लावल्या लाल दिवा आला तर तो ओव्हरलोड. तेव्हा जादा वस्तू काढायची आणि पुढचं बटण बंद करून चालू करायचं. कंपनीगणिक बीप थोडे वेगळे असतात, पुस्तिकेतला तक्ता बघून घ्या.

आता हिशोब. कॉन्सन्ट्रेटर आणि एक पंखा मिळून बॅटरीतून ४० अँपिअरच्या आसपास ओढतात. नवी १५० एएच बॅटरीसुद्धा त्यावर अडीच तासांच्या पुढे फारशी जात नाही. तुमची तासा-दीड तासात बसते, म्हणजे थकलीय. हायड्रोमीटरने (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) सहाही सेल तपासून घ्या. पूर्ण चार्ज झाल्यावर १२४०च्या जवळ आकडा हवा. एखादा सेल फार मागे असेल तर नुसतं डिस्टिल्ड पाणी घालून काही होणार नाही.

इन्व्हर्टरच्या आधी १३० व्होल्टपासून काम करणारा स्टॅबिलायझर बसवा. आणि दाबाची तक्रार महावितरणच्या १९१२ला नोंदवा, नंबर लिहून ठेवा.

प्रतिसाद २

माझ्या सासऱ्यांना चार वर्षं घरी ऑक्सिजन होता. बॅटरी कितीही चांगली घ्या, पण बी टाइप सिलिंडर आणि रेग्युलेटर आजच घरात आणा. त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो, २ लिटरने बारा तास निघतात. आईंकडून दिवसा दोन-तीनदा जोडून घ्या. रात्री अंधारात पाना सापडत नाही, तो सिलिंडरलाच बांधून ठेवा. देवघर आणि चुलीपासून लांब ठेवायचा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. शनिवारी गावी आले. रात्री पावणेदहाला वायरमन दादांनी मीटर लावला : १५८ व्होल्ट. सकाळी त्याच प्लगला २१६. शेजारच्या काकांना विचारलं, आमच्या डीपीवरच्या बऱ्याच पंपांना कॅपॅसिटर (दाब सावरायला पंपाला जोडतात तो भाग) नाहीत. बॅटरीचे पाच सेल १२२०ला, एक ११५०ला. वॉरंटी कार्ड शोधतेय.

सिलिंडर आला. पाना सुतळीने बांधलाय. पॅनेलवर पांढऱ्या चिकटपट्टीवर आईच्याच शब्दांत लिहिलं : "लाइट हाय", "बॅटरीवर चाललंय", "संपत आली, सिलिंडर लाव". तिने तीनदा जोडून दाखवला, तिसऱ्यांदा दिवा मालवून.

स्टॅबिलायझर किती केव्हीएचा घ्यावा? त्या लाइनवर इन्व्हर्टर, त्याचं चार्जिंग आणि दोन पंखे एवढंच आहे.