सहा आठवड्यांच्या प्लास्टरनंतर वडिलांच्या मांडीतली ताकद परत येईल का?

प्रश्न (पूर्व भाग, सोलापूर)

माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांनी ३८ वर्षे यंत्रमागावर टॉवेल विणले आणि १२-१२ तासांच्या पाळ्या उभ्याने काढल्या. डिसेंबरात जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पाय घसरून त्यांच्या डाव्या घोट्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करावी लागली नाही, पण सहा आठवडे प्लास्टर होते. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर ‘विश्रांती’ एवढाच शब्द लिहिलेला होता आणि आम्ही तो इतक्या निष्ठेने पाळला की पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांच्या हातात नेऊन दिला. दरवर्षी सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक पाहण्यासाठी तासन्‌तास उभे राहणारा माणूस यंदा खाटेवरून हलला नाही.

प्लास्टर काढले त्या संध्याकाळी आईने शिलाईच्या टेपने त्यांच्या मांड्या मोजल्या. गुडघ्याच्या चार बोटे वर डावी मांडी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने बारीक भरली आणि दाबले तर बोट मऊ कापसात रुतावे तसे रुतत होते. याहून मोठा धक्का मात्र उजव्या पायाने दिला. त्या पायाला काहीही झाले नव्हते, तरी आज दोन्ही हातांनी खाटेची कड धरल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. माझ्या १९ वर्षांच्या भाच्याच्या पायाला मागच्या वर्षी तेवढेच दिवस प्लास्टर होते आणि तो दोन महिन्यांत पुन्हा कबड्डी खेळू लागला. वडिलांच्या बाबतीत एवढा फरक का पडतो? गेलेली ताकद परत येते का? नातेवाईक म्हणतात, “या वयात आता आराम करू द्या.” त्यांचे ऐकावे का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, होटगी रस्ता)

हाड जुळले आहे आणि पायावर पूर्ण भार देण्याची परवानगी अस्थिरोगतज्ज्ञांनी दिली आहे, असे गृहीत धरून लिहितो. ती परवानगी मिळाली नसेल, तर प्रथम ती घ्यावी.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक नुकसान त्याच समजुतीने होते. कृपया नातेवाइकांचे ऐकू नका. मोडलेल्या हाडाला विश्रांती हवी होती; बाकीच्या शरीराला ती नको होती, आणि घरी सोडताना हे तुम्हाला कोणीतरी समजावून सांगायला हवे होते.

स्नायूंमधली प्रथिने रोज थोडी मोडतात आणि रोज थोडी नव्याने बांधली जातात. ही बांधणी चालू राहावी म्हणून स्नायूला दोन गोष्टी लागतात, जेवणातून मिळणारी प्रथिने आणि भार. भार थांबला की बांधणी काही दिवसांतच मंदावते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांसल वजन कमी झाले आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी घटली. अंथरुणाला खिळणेही आवश्यक नसते. दुसऱ्या एका अभ्यासात सरासरी ७२ वर्षांच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्याच वयाच्या लोकांना दोन आठवडे दिवसाला सुमारे १,४०० पावलेच चालू दिले, तर पायांतले मांसल वजन जवळजवळ चार टक्के घटले. तुमच्या वडिलांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये नव्हता, पण सहा आठवडे त्यालाही काम मिळाले नाही. तो का थकला, याचे उत्तर एवढेच आहे.

आता भाच्याबरोबरच्या फरकाविषयी. डेन्मार्कमधील संशोधकांनी तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांतील पुरुषांचा एक पाय दोन आठवडे बांधून ठेवला आणि नंतर चार आठवडे त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला. आश्चर्याची बाब अशी की आकारमानाने तरुणांचे स्नायू अधिक घटले होते. तरीही व्यायामानंतर वयस्कांची भरपाई तरुणांपेक्षा कमी झाली. शिवाय, स्नायूला कामाला लावणारी मज्जातंतूंची आज्ञा वयस्कांमध्ये अधिक क्षीण झाली होती. स्नायूतंतूंना चिकटून काही राखीव पेशी असतात आणि दुरुस्तीच्या वेळी त्यांची संख्या वाढते. तरुणांमध्ये ती वाढलेली दिसली, वयस्कांमध्ये मात्र वाढली नाही. याच्या जोडीला, वय वाढते तसे वेगवान व जोरकस हालचालींचे तंतू आधी बारीक होत जातात, आणि खुर्चीतून उठताना किंवा तोल जाताना सावरायला नेमके तेच तंतू लागतात. वयानुसार होणाऱ्या या ऱ्हासाला १९८९ पासून ‘सार्कोपेनिया’ हे नाव आहे. तो हळूहळू चालतो. आजारपणातली सक्तीची विश्रांती त्याला एकदम ढकलून पुढे नेते.

तरीही ताकद परत येते, आणि हे मी दिलासा म्हणून लिहीत नाही. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या रहिवाशांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला. पूर्ण कालावधी टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पटींच्या आसपास गेली, पण मांडीच्या स्नायूचा आकार सुमारे ९ टक्केच वाढला. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत टेपवर फारसा फरक दिसला नाही तरी निराश होऊ नका. आधी मज्जातंतू शिकतात, मांस नंतर भरते. त्याच लोकांनी चार आठवडे व्यायाम बंद केला, तेव्हा ताकद ३२ टक्क्यांनी उतरली, हेही लक्षात ठेवावे.

घरी करण्यासारखा मुख्य व्यायाम खुर्चीतून उठण्याचाच आहे. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावर घरातल्या चादरींच्या घड्या एकावर एक रचा, इतक्या की हातांचा आधार न घेता त्यांना कसेबसे उठता यावे. उठताना श्वास सोडावा, तो कोंडून धरू नये; बसताना मनात चार मोजत सावकाश खाली यावे. आठ वेळा उठबस, मग दोन मिनिटे थांबणे, अशा तीन फेऱ्या एक दिवसाआड कराव्यात. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. त्या सोप्या वाटू लागल्या की एक चादर काढायची. स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचलणे आणि टेकवणे हा दुसरा व्यायाम. चालणे हृदयासाठी उत्तम आहे व ते जरूर करावे, परंतु सपाट रस्त्यावरच्या चालण्याने मांडीवर पुरेसा भार पडत नाही आणि घरोघरी इथेच फसगत होते. पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर (निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

ताई, मी ६९ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी चिकुनगुन्या झाला आणि सांधेदुखीमुळे दोन महिने बसून काढले. सांधे सुटले तेव्हा लक्षात आले की देवपूजेच्या पाटावरून मला उठता येत नाही. देव्हाऱ्याचे दार धरून उठावे लागे आणि एकदा ते दारच बिजागरीतून निसटले. पुन्हा आधाराशिवाय उठण्यासाठी मला सात महिने लागले. मधे एका लग्नघरी तीन आठवडे राहून आले आणि व्यायाम सुटला, तर जवळजवळ दोन महिन्यांची कमाई गेली. म्हणून गावाला गेले तरी खुर्चीवरची उठबस मी आता चुकवत नाही.

मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वडिलांच्या हातात तांब्या देणे बंद करा. माझी सून अतिशय प्रेमाने सर्व काही जागेवर आणून देत असे आणि तिला नको म्हणणे मला सर्वात अवघड गेले. शेवटी आम्ही ठरवले की माझे पाणी, चष्मा आणि वर्तमानपत्र तीन वेगवेगळ्या खोल्यांत राहील. प्रत्येक वेळी उठावे लागले, तेवढीच पायांना सवय झाली.

उत्तर (आहारतज्ज्ञ)

जेवणाचा उल्लेख वर ओझरता आला आहे, म्हणून थोडी भर घालते. वयस्क स्नायूला बांधणी सुरू करण्यासाठी तरुणापेक्षा एका वेळी अधिक प्रथिने लागतात. आजारातून उठणाऱ्या ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. वजन ५८ किलो असेल तर हे सुमारे ७० ग्रॅम किंवा अधिक होते, आणि ते तिन्ही जेवणांत विभागलेले असावे. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी भाकरी-भाजी आणि रात्री दूधभात अशी आपल्याकडच्या वृद्धांची रीत असते. त्यात याच्या निम्मेही भरत नाही. शेंगाचटणी पौष्टिक आहे, पण दोन चमचे चटणीतून पाचएक ग्रॅमच मिळतात, आणि ज्वारी व शेंगदाणे या दोन्हींत लायसिन, म्हणजे प्रथिने बांधायला लागणारा एक आवश्यक घटक, कमी असते. त्यामुळे भाकरी-चटणीने डाळीची जागा भरून निघत नाही. सोबत घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, वाटीभर दही, आणि खात असतील तर दोन अंडी, म्हणजे १२ ग्रॅम, असे जोडावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. पाच चादरी लागल्या. पहिल्या दिवसानंतर दोन दिवस मांड्या इतक्या आंबल्या की बाबा घाबरले आणि आम्हीही थांबलो. हे योग्य होते का? ते रक्तदाबाची गोळी घेतात आणि आता ऊनही वाढत चालले आहे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, होटगी रस्ता)

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू आंबणे अपेक्षित आहे. ते दोन्ही मांड्यांत सारखे जाणवते आणि तीन-चार दिवसांत ओसरते. सांध्यातली बोचरी कळ किंवा सूज ही वेगळी गोष्ट, तिला दाखवावे लागते. आंबलेपणा असताना फेऱ्या तीनऐवजी एक करा, पण पूर्ण थांबू नका. वयस्क स्नायूला सावरायला अधिक वेळ द्यावा लागला, तर दोन दिवसांचे अंतर चालेल. गोळीमुळे एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते, म्हणून पहिल्यांदा उठल्यावर खुर्चीची पाठ धरून अर्धा मिनिट उभे राहू द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा व्यायाम सकाळी सातच्या आत घरातच उरकावा.

प्रश्नकर्ती (पाच आठवड्यांनंतर)

टेपवर फरक जेमतेम अर्धा सेंटिमीटर आहे. पाण्याचा माठ आता ओसरीत ठेवला आहे आणि बाबा स्वतः उठून पाणी घेतात. काल तिसरी चादर काढली. आठव्या वेळी त्यांचे गुडघे थरथरत होते, आई जवळ जाऊ लागली, तेव्हा त्यांनी हातानेच तिला थांबवले आणि उठून उभे राहिले. खुर्चीवर अजून दोन चादरी आहेत.