सल्ला हवा : अकरा किशोरवयीन मुलांचा शिष्यत्वाचा वर्ग कसा चालवावा?

रविवारशाळा_नगर
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या मंडळीत (चर्चमध्ये) मी नऊ वर्षे रविवारची शाळा घेते. आता पाळकसाहेबांनी तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा शिष्यत्वाचा, म्हणजे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जगायला शिकवणारा वर्ग माझ्याकडे व माझ्या दिरांकडे सोपवला आहे. मुले अकरा आहेत, शनिवारी संध्याकाळी एक तास मिळतो आणि सहा महिन्यांसाठी पंचांनी ४,००० रुपये मंजूर केले आहेत. त्याहून अधिक मिळणार नाही. मुलांना बायबलमधल्या गोष्टी पाठ आहेत. दाविदाने ओढ्यातून किती गोटे उचलले, असे विचारले तर प्रश्न संपण्याआधीच ‘पाच’ असे उत्तर येते. परंतु ‘या आठवड्यात तू कशासाठी प्रार्थना केलीस?’ असे विचारले की सगळे खाली बघून चटईच्या काड्या उपसू लागतात. आपापल्या मंडळीत प्रत्यक्ष काय उपयोगी पडले, ते कृपया सांगावे.

तरुणसंघ_पुणे
ताई, शिबिराला पर्याय नाही. आम्ही मागच्या मे महिन्यात ३८ मुलांना तीन दिवस पाचगणीला नेले. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती एकेक जण उठून साक्ष देऊ लागला, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांच्याही डोळ्यांना पाणी आले. माणशी २,८०० रुपये खर्च आला. आपली रक्कम फारच थोडी आहे, तेव्हा पंचांना पुन्हा भेटा आणि एका रविवारचे विशेष अर्पण मागून घ्या.

मिरजकर
शिबिराचा अनुभव आम्हीही घेतला आहे. शेवटच्या रात्री ज्यांनी रडून निर्णय घेतले, त्यांच्यापैकी दिवाळीपर्यंत दोघेच उपासनेला येत होते, कारण घरी परतल्यावर त्यांची विचारपूस करायला कोणीही गेले नव्हते. दोष मुलांचा नव्हता, आमचा होता. माझ्या मते चांगली कार्यपुस्तिका घ्यावी. दर आठवड्याला एक धडा, रिकाम्या जागा भरणे आणि एक पाठांतराचे वचन, अशी शिस्त असली की वर्ग भरकटत नाही.

औरंगपुरा_शिक्षिका
कार्यपुस्तिकेविषयी सावध करावेसे वाटते. आम्ही इंग्रजीवरून भाषांतरित केलेली एक पुस्तिका वीस मुलांसाठी घेतली. चौथ्या आठवड्यात वह्या तपासताना सात जणांची उत्तरे शब्दशः सारखी निघाली, अगदी ‘माझे वैयक्तिक पाप कोणते’ या प्रश्नाचेसुद्धा. पुस्तिकेतली उदाहरणेही परदेशातल्या मुलांची होती. ज्या मुलीला पहाटे पाण्याचे हंडे भरून शाळेला जावे लागते, तिला स्वतःच्या मोटारगाडीच्या मोहाविषयीचा धडा काय सांगणार?

जालना_आजोबा
पाठांतर सोडल्यापासून मंडळ्या दुबळ्या झाल्या, हे माझे ठाम मत आहे. बायबलमधल्या स्तोत्र ११९ मध्ये १७६ वचने आहेत आणि माझ्या नातीने चौदाव्या वर्षी त्यातली पहिली ऐंशी न अडखळता मंडळीसमोर म्हटली. त्याच स्तोत्राच्या नवव्या वचनात तरुणाने आपला मार्ग शुद्ध कसा राखावा, हा प्रश्न आहे आणि देवाच्या वचनाने, हे उत्तरही तिथेच आहे. मात्र पाठांतर जुन्या भारदस्त भाषांतरातूनच करून घ्यावे. हल्लीच्या सोप्या मराठीत वचनाचा धाक राहत नाही.

केडगाव_वाचक
आजोबा, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून असहमत आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही वचन समजावे म्हणून. त्या १९२२ साली वारल्या आणि त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सोपी मराठी हे हल्लीचे खूळ नव्हे, आपल्या मंडळीची ती जुनी कळकळ आहे. निम्मी मुले सेमी-इंग्रजीत शिकत असतील तर ताईंनी सोपी प्रतच घ्यावी.

जालना_आजोबा
रमाबाईंच्या कार्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु पाठांतराला लय लागते, आणि ती लय जुन्या प्रतीतच आहे, हे मी पुन्हा सांगतो.

उपासनासंगीत_सातारा
लयीचा विषय निघालाच आहे, म्हणून लिहितो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि भजनाची आपली रीत सोडली नाही, ती ख्रिस्ताच्या चरणी आणली. आमच्याकडे एक पंधरा वर्षांचा मुलगा वर्गात कधीच बसत नसे. त्याला तबला दिला. ठेका चुकू नये म्हणून तो पदाचे शब्द आधी वाचू लागला, मग अर्थ विचारू लागला आणि एके दिवशी ‘हे पद लिहिणाऱ्याला घरच्यांनी सोडले होते का?’ असे त्याने विचारले. त्या प्रश्नावर आम्ही तासभर बोललो. टिळकांच्या पदांनीच वर्गाची सुरुवात करा. हार्मोनियम आणि तबला घेतलात तर उत्तम.

समुपदेशक_नाशिक
अभ्यासक्रम कोणताही असो, काही गोष्टी पहिल्या दिवशीच ठरवून घ्याव्यात. कोणत्याही मुलाशी वा मुलीशी बंद खोलीत एकट्याने बोलू नये. बोलणे खाजगी असले तरी जागा सर्वांना दिसेल अशी असावी. रात्री मुलांना वैयक्तिक संदेश पाठवू नयेत. प्रत्येक घरातून लेखी संमती घ्यावी, आणि मित्राबरोबर अन्य धर्माचे मूल आले तर त्याच्या आईवडिलांना ते ठाऊक असल्याशिवाय त्याला वर्गात बसवू नये. मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण २०१२ च्या पॉक्सो (बाललैंगिक अत्याचारविरोधी) कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू राखण्यासाठी गप्प बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याची किंमत मुलांनी मोजलेलीही पाहिली आहे.

तरुणसंघ_पुणे
याच कारणासाठी शिबिर बरे, तिथे सर्व जण एकत्र असतात. परवडत नसेल तर दोन दिवसांचे घ्या.

दहावीची_आई
माझी एक विनंती आहे. दहावीच्या मुलांना जानेवारीनंतर वर्गाची सक्ती करू नका. माझ्या मुलाने शिकवणीसाठी तीन शनिवार चुकवले, तेव्हा त्याला सर्वांसमोर ‘परीक्षा मोठी की प्रभू मोठा?’ असे विचारले गेले. तो पुन्हा त्या वर्गाची पायरी चढला नाही.

निवृत्त_पाळक
बायबलमधले मार्क ३:१४ पुन्हा वाचावे. येशूने बारा जणांना नेमले, ते त्यांनी त्याच्याबरोबर असावे म्हणून, आणि उपदेशासाठी पाठवणे त्यानंतर येते. आपण मुलांना थेट धड्यावर बसवतो आणि ‘बरोबर असणे’ वगळतो. चाळीस वर्षांच्या सेवेत मी स्थिरीकरणाचे (कन्फर्मेशनचे) कित्येक वर्ग घेतले, पण आज भेटणारे तरुण धड्यांची आठवण काढत नाहीत. कोणाच्या वडिलांच्या मयतीला मी सायकलवर भिजत आलो होतो, हे सांगतात. ताई, अकरांपैकी जे चार-पाच जण मनापासून येतात, त्यांच्यावरच लक्ष केंद्रित करा. सर्वांना सांभाळू गेलात तर कोणीच हाती लागणार नाही.

मिरजकर
पाळकसाहेबांशी सहमत आहे. थोडी मुले घ्या आणि कार्यपुस्तिका घ्या.

रविवारशाळा_नगर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रत्येक उत्तर दिरांना वाचून दाखवले. आमचा निर्णय आपल्यापैकी बहुतेकांच्या सल्ल्याहून वेगळा झाला आहे, कोणी रागावू नये म्हणून तो सविस्तर लिहिते.

मागच्या शनिवारी आमच्यातला सर्वांत चुळबुळ्या मुलगा वर्गातून उठून गेला. शोधायला गेले तर आमच्या उपासनामंदिरामागच्या घरात, मोतीबिंदूमुळे वाचता न येणाऱ्या एका आजींच्या बाजेवर बसून तो त्यांना बायबल वाचून दाखवत होता. ‘मत्सर’ शब्दाशी तो अडला. आजींनी तो उच्चारून दिला आणि अर्थ म्हणून चाळीस वर्षे जावेशी न बोलल्याची स्वतःची गोष्ट सांगितली. तो मुलगा इतका वेळ स्थिर बसलेला मी कधी पाहिला नव्हता. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस हिच्या ठायी होता, असे पौल लिहितो. ते वचन मी कितीदा तरी शिकवले आहे, पण आजींच्या दारात उभी असताना ते मला नव्याने कळले.

म्हणून शिबिर, कार्यपुस्तिका यांपैकी काहीच घेत नाही. अकराच्या अकरा मुले राहतील, निवृत्त पाळकसाहेबांनी क्षमा करावी. मंडळीत बाहेर पडू न शकणारे चार वृद्ध आहेत. दोन गट करून, प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसे, असे दर शनिवारी दोन घरी जाऊ आणि मार्ककृत शुभवर्तमान मोठ्याने वाचू. अध्याय सोळाच आहेत, त्यामुळे घाई नाही. प्रत्येक घरी वृद्धांना एकच गोष्ट विचारायची : या उताऱ्यातले तुमच्या आयुष्यात काय घडले? उत्तर मुलांनी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहायचे. सुरुवातीला टिळकांचे एक पद, तबल्याऐवजी टाळ. दहावीच्या मुलांना मोकळीक राहील. नाशिकच्या समुपदेशकांनी सांगितलेले नियम लिहून घरोघरी दिले आहेत आणि दहा पालकांच्या सह्या मिळाल्या आहेत. अकराव्या मुलीचे वडील ऊसतोडीला गेले आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलून आईची सही घेणार आहे. वह्या, सोप्या भाषेतील शुभवर्तमानाच्या प्रती आणि वृद्धांसाठी थोडी फळे, एवढे आमच्या रकमेत बसते.

जालना_आजोबा
वृद्धांना सोपी प्रत ओळखीची वाटणार नाही. माझ्याकडे जुन्या भाषांतराच्या, मोठ्या टायपातल्या दोन प्रती आहेत. पत्ता कळवावा, टपालाने पाठवतो.

रविवारशाळा_नगर
आजोबा, खाजगी संदेश पाठवते. एक प्रत मंदिरामागच्या आजींकडेच ठेवू, त्या मुलाने तिथे यायचे कबूल केले आहे.