किल्टवाल्यांच्या गर्दीत कोथिंबीर

"फुटबॉल कळत नसेल तर यजमान शहरात राहून काय उपयोग?" असं एकाने विचारलंय. मला फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम अजून समजलेला नाही, तरी सांगतो.

१४ जून २०२४. युरो या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा पहिलाच सामना, जर्मनी विरुद्ध स्कॉटलंड, आमच्या म्युनिकमध्ये. मी बापडा कोथिंबीर आणायला बाजाराकडे निघालो, तर मारियनप्लाट्झचा चौक किल्टवाल्यांनी (किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा) फुललेला! लांबून सनई वाटली (कोणाचं लग्न?), निघाला बॅगपाइप. रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला निमूट उभे राहणारे इथले लोक, आणि त्यांच्या शेजारी हातात बिअर घेऊन गळा फाडून गाणारे हे पाहुणे. एका धिप्पाड गृहस्थाने मलाच मिठी मारली. का, ते त्यालाही माहीत नसावं.

निकाल ५-१, स्कॉटलंडचा धुव्वा. त्यांच्या खात्यातला एकुलता एक गोलही जर्मनीच्या रूडिगरचा स्वयंगोल. म्हटलं, आता रात्री सुतकी चेहरे दिसतील. छे! मेट्रोत तीच गाणी, तोच दंगा.

कोथिंबीर मात्र राहिलीच.