सतत रूप बदलणाऱ्या विषाणूला प्रतिपिंडे गाठतात तरी कशी?

प्रश्न
एचआयव्ही आपले बाह्य आवरण इतक्या झपाट्याने बदलतो की त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) लवकरच निरुपयोगी ठरतात, असे वाचले. तरीही काही रुग्णांच्या रक्तात जगभरातल्या बहुसंख्य प्रकारांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडतात. ती घडतात कशी, आणि ती असूनही ते रुग्ण बरे का होत नाहीत?

पहिले उत्तर
लसिकाग्रंथींतील जननकेंद्रांत प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींचे विभाजन होत असताना एआयडी नावाचे विकर (एन्झाइम) प्रतिपिंडाच्या जनुकांत बदल पेरते. ज्या पेशीचे प्रतिपिंड विषाणूला अधिक घट्ट धरते तिला टी-पेशींचे साहाय्य मिळते, उरलेल्या बहुतेक मरतात. एचआयव्ही मात्र प्रत्येक वेळी निसटतो, त्यामुळे त्याच्या नव्या रूपावर पुन्हा निवड होते आणि हा पाठलाग वर्षानुवर्षे चालतो. अशा अनेक फेऱ्यांनंतर तेच प्रतिपिंड टिकते, जे विषाणूला सहजी बदलता न येणाऱ्या जागेवर, उदाहरणार्थ विषाणू ज्यातून पेशीत शिरतो त्या पेशीवरील सीडी4 ग्राहकाला चिकटण्याच्या जागेवर, बेतलेले असते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेले व्हीआरसी01 नावाचे प्रतिपिंड याच जागेवर बसते. प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा प्रथिन-साखळ्यांचे बनते; त्याच्या जड साखळीच्या व्ही-भागातील (विषाणूला धरणाऱ्या बदलत्या भागातील) सुमारे 40 टक्के अमिनो आम्ले मूळ जनुकानुसार असायला हवी त्यापेक्षा वेगळी आहेत.

दुसरे उत्तर
प्रतिपिंडातले असे सगळेच बदल सारख्या मोलाचे नसतात, हे मला महत्त्वाचे वाटते. सीडी4ला चिकटण्याच्या त्या जागेच्या कडेला, विषाणूच्या आवरणातील प्रथिनाच्या 276व्या स्थानी, शर्करेची एक साखळी उभी असते आणि प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीचे एक वळण तिला अडते. व्हीआरसी01मध्ये हे वळण दोन अमिनो आम्ले गळून आखूड झाले आहे, म्हणून ते आत पोहोचू शकते. जनुकातले एखादे अक्षर बदलणे नेहमीचे, पण अशी गळती विरळाच. इतकी वर्षे लागण्याचे हे एक कारण.
रुग्ण बरा होत नाही, कारण त्याच्या शरीरातला विषाणू त्याच प्रतिपिंडाच्या दबावाखाली घडलेला असतो आणि नेहमी एक पाऊल पुढे राहतो. दुसऱ्यांचे विषाणू रोखणारे ते प्रतिपिंड घरच्या विषाणूपुढे हतबल ठरते. शिवाय जो विषाणू पेशीच्या जनुकसंचात दडून बसला आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग वर्षांचा हा प्रवास लसीने घडवून आणता येईल का?

पहिले उत्तर देणारे
प्रयत्न तोच आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लस घेतलेल्या 36 पैकी 35 जणांत व्हीआरसी01च्या जातीच्या पूर्वज बी-पेशी जाग्या झाल्या. ही केवळ पहिली पायरी असून, त्या पेशींना शर्करेचा अडथळा ओलांडायला शिकवण्यासाठी पुढच्या मात्रांतील प्रथिन टप्प्याटप्प्याने खऱ्या विषाणूसारखे करत न्यावे लागेल.