शिकागोच्या सार्वजनिक शाळांचा कारभार नेमका कसा चालतो?

प्रश्न : दूरचा_पल्ला

येत्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब शिकागो शहरात राहायला जात आहोत. थोरली मुलगी सातवीत जाईल आणि धाकटा मुलगा पहिलीत. घर शोधायला लागल्यापासून जो तो एकच विचारतो आहे, ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कोणता?’ हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे, पण त्यामागची व्यवस्था अजून नीटशी उमगलेली नाही. संकेतस्थळांवर प्रत्येक शाळेला दहापैकी गुण दिलेले दिसतात. तेवढ्यावरून घर आणि शाळा ठरवणे मला पटत नाही. या शाळा कोणाच्या अखत्यारीत येतात, पैसा कोठून येतो, घराचा पत्ता आणि प्रवेश यांचा संबंध किती, आणि पालकांना कारभारात काही स्थान असते का, हे तिथे राहिलेल्या जाणकारांनी सविस्तर सांगितले तर फार मदत होईल.

उत्तर १ : सरोवरकाठ

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवण्यासाठीच निर्माण केलेली स्थानिक शासनसंस्था. तिला स्वतःचे शिक्षण मंडळ असते, स्वतःचे अंदाजपत्रक असते आणि मालमत्ता कराची मागणी, म्हणजे एकूण किती कर गोळा करायचा, हे ठरवण्याचा अधिकारही असतो. शिकागोच्या उपनगरांत असे लहान-लहान अनेक डिस्ट्रिक्ट आहेत आणि काही ठिकाणी तर प्राथमिक शाळांचा वेगळा आणि हायस्कुलाचा वेगळा असतो, म्हणून तिथे घर घेताना तो प्रश्न विचारला जातो. शहराच्या हद्दीत मात्र एकच डिस्ट्रिक्ट आहे, क्रमांक २९९, ज्याला सगळे ‘सीपीएस’ (शिकागो पब्लिक स्कूल्स) म्हणतात. सहाशेहून अधिक शाळा आणि सव्वातीन लाखांच्या आसपास विद्यार्थी असलेला हा देशातल्या सर्वांत मोठ्या डिस्ट्रिक्टांपैकी एक आहे. तुम्ही शहरातच राहणार असाल, तर डिस्ट्रिक्टचा प्रश्न तिथेच सुटतो आणि शाळेचा प्रश्न सुरू होतो.

बहुतेक प्राथमिक शाळा बालवर्गापासून आठवीपर्यंत एकाच इमारतीत भरतात, त्यामुळे तुमची दोन्ही मुले एकाच शाळेत जाऊ शकतील. प्रत्येक पत्त्याला एक नेबरहूड स्कूल नेमून दिलेली असते आणि तिथला प्रवेश हक्काचा असतो. याखेरीज एखाद्या विशिष्ट विषयावर भर देणाऱ्या मॅग्नेट शाळा आहेत, ज्यांचे प्रवेश मुख्यतः सोडतीने होतात. चार्टर शाळा आहेत, ज्या सार्वजनिक पैशावर पण स्वतंत्र संस्थांकडून चालवल्या जातात. आणि गुणवत्तेवर प्रवेश देणारी अकरा सिलेक्टिव्ह एन्रोलमेंट हायस्कुले आहेत.

मुलगी सातवीत आहे, म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. या अकरा हायस्कुलांसाठी ९०० गुणांचा हिशोब होतो, त्यातले निम्मे गुण सातवीच्या वार्षिक श्रेणींचे असतात आणि निम्मे आठवीत होणाऱ्या प्रवेश परीक्षेचे. वाचन, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे हे चार विषय धरले जातात. नव्या देशात, नव्या शाळेत रुळण्याचे तिचे पहिलेच वर्ष या हिशोबात येणार आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वर्गशिक्षिकेशी आरंभीच बोलून ठेवा, भाषेची मदत लागत असेल तर ती पहिल्या आठवड्यातच मागा.

या जागांमध्ये पत्त्याचाही भाग असतो. ३० टक्के जागा निव्वळ गुणांवर भरतात. उरलेल्यांसाठी शहरातल्या वस्त्यांचे उत्पन्न, पालकांचे शिक्षण, घरांची मालकी, घरात बोलली जाणारी भाषा अशा निकषांवरून चार टिअर, म्हणजे स्तर, पाडले आहेत आणि प्रत्येक टिअरमधली मुले आपसांतच स्पर्धा करतात. वर्णभेदाची विभागणी मोडण्यासाठी १९८० मध्ये न्यायालयासमोर झालेला समझोता २००९ मध्ये संपुष्टात आला आणि वंशाऐवजी वस्तीचा निकष पुढे आला. माझ्या मते ही पद्धत अपुरी असली तरी न्यायाच्या बाजूची आहे.

उत्तर २ : हिशेबवही

वरील माहितीत पैशाची बाजू जोडतो, कारण बहुतेक वाद तिथूनच उगवतात. वार्षिक अंदाजपत्रक साधारण १० अब्ज डॉलरचे असते. त्यातला सर्वांत मोठा वाटा शहरातल्या मालमत्ता कराचा, त्यानंतर इलिनॉय राज्याचे अनुदान आणि मग केंद्राचा निधी. कराची मागणी दर वर्षी महागाईच्या दराने किंवा ५ टक्क्यांनी, यांतले जे कमी असेल तेवढीच वाढवता येते. शिवाय शहराने काही भाग ‘टिफ’ विभाग म्हणून जाहीर केलेले आहेत; तिथल्या मालमत्तांच्या वाढीव मूल्यावरचा कर सामान्यतः २३ वर्षे त्या विभागाच्या विकासनिधीत जातो, शाळांच्या तिजोरीत येत नाही. निवृत्तिवेतनाचेही निराळेच आहे. राज्यातल्या इतर शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा मोठा भार राज्य उचलते, शिकागोच्या शिक्षकांचा निधी मात्र स्वतंत्र असून त्याचा बहुतांश भार शहरातल्या करदात्यांवरच पडतो.

दुसरी अडचण घटत्या पटाची. या शतकाच्या आरंभी पट चार लाख तीस हजारांच्या वर होता, तो आज लाखाहून अधिकने खाली आला आहे, आणि इमारती मात्र तितक्या प्रमाणात कमी झालेल्या नाहीत. याच कारणाने २२ मे २०१३ रोजी मंडळाने एकाच बैठकीत ५० शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. बहुतेक शाळा शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या होत्या आणि त्यांतली मुले प्रामुख्याने कृष्णवर्णीय होती. त्या उन्हाळ्यात मी अशाच एका बंद झालेल्या शाळेजवळ राहत होतो. एका सकाळी फाटकाशी टेंपो लागला होता आणि बालवर्गाच्या लहान-लहान निळ्या खुर्च्या एकात एक घालून चढवल्या जात होत्या. पदपथावर एक आजी नातवाचा हात धरून शेवटची खुर्ची जाईपर्यंत उभ्या होत्या. पटाचे आकडे खरे होते हे मी मान्य करतो, पण ज्या वस्तीचे दुकान आणि दवाखाना आधीच गेले आहेत तिथली शाळा मोजताना रिकामी बाके हा एकमेव हिशोब असू नये, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. २०१५ मध्ये दक्षिण भागातले बंद झालेले डायट हायस्कूल वाचवण्यासाठी पालक आणि रहिवाशांनी ३४ दिवस उपोषण केले आणि पुढच्या वर्षी ती शाळा पुन्हा उघडली, हेही नोंदवून ठेवावेसे वाटते.

उत्तर ३ : ग्रंथपालांची_लेक

पालकांना स्थान असते का, या प्रश्नाचे उत्तर मी देते. १९८७ मध्ये शिक्षकांचा १९ दिवसांचा संप झाला, पालक रस्त्यावर उतरले, महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी सर्वांना चर्चेला बोलावले आणि त्यातून १९८८ चा सुधारणा कायदा आला. या कायद्याने प्रत्येक शाळेला ‘लोकल स्कूल कौन्सिल’ मिळाली. तिच्यात सहा पालक, दोन रहिवासी, शिक्षकांचे प्रतिनिधी आणि मुख्याध्यापक असतात, हायस्कुलांत विद्यार्थीही असतात. मुख्याध्यापकाची निवड करणे, त्याचा चार वर्षांचा करार नूतन करायचा की नाही हे ठरवणे आणि शाळेचे अंदाजपत्रक मंजूर करणे हे तिचे खरेखुरे अधिकार आहेत. या निवडणुकीत मत देण्यासाठी किंवा उभे राहण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही, हे तुमच्यासारख्यांनी लक्षात ठेवावे. चार्टर शाळांना मात्र कौन्सिलचा हा नियम लागू नाही.

मी दोन वर्षे अशा कौन्सिलवर होते. आमच्या बैठका ग्रंथालयात, मुलांच्या ठेंगण्या टेबलांभोवती होत. एका वर्षी निधी कमी आला आणि ग्रंथपाल ठेवायचा की संगीत शिक्षकाची अर्धी जागा, एवढाच पर्याय उरला. रात्री नऊ वाजेपर्यंत आम्ही एकाच कागदावरचे आकडे खोडत आणि लिहीत राहिलो. शेवटी संगीत राहिले आणि ग्रंथालय आठवड्यातून दोन दिवस पालकांनी उघडायचे असे ठरले. तो निर्णय बरोबर होता की चूक, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. परंतु तो दूरच्या कचेरीत न होता ज्यांची मुले तिथे शिकत होती त्यांच्या समोर झाला.

वरच्या पातळीवर १९९५ पासून मंडळ नेमण्याचा अधिकार महापौरांकडे होता. २०२१ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने मतदारांकडे सोपवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा सदस्य प्रथमच निवडून आले, अकरा महापौरांनी नेमले, आणि जानेवारी २०२७ पासून एकवीसही सदस्य निवडून आलेले असतील, अशी त्यात तरतूद आहे.

प्रश्नकर्ता : दूरचा_पल्ला

तिघांचेही मनापासून आभार. सातवीच्या गुणांचे मला अजिबात ठाऊक नव्हते. आता दोन-तीन वस्त्या नक्की केल्या आहेत. गुणांकनाच्या पलीकडे जाऊन एखादी शाळा पारखायची असेल तर प्रत्यक्षात काय करावे?

उत्तर ४ : ग्रंथपालांची_लेक

भाडेकरार करण्यापूर्वी त्या शाळेच्या कौन्सिलच्या बैठकीला जाऊन बसा. या बैठका कायद्याने सर्वांना खुल्या असतात आणि विषयपत्रिका किमान ४८ तास आधी लावावी लागते. मुख्याध्यापक पालकांच्या प्रश्नांना कशी उत्तरे देतात, इंग्रजी न येणाऱ्या आईसाठी कोणी दुभाषी शेजारी बसते का, आणि अंदाजपत्रकाचा कागद सर्वांच्या हाती पोहोचतो का, एवढे पाहा. नंतर शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी अर्धा तास उभे राहून तिथल्या पालकांशी बोला.