नातीचं नाव ‘आन्ना’ म्हणे! घरात एक अण्णा आधीच आहेत

टेबल नंबर तीन (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत जन्मनोंदणीच्या टेबलावर काढली. आधी सुरगाणा, पेठ, मग नाशिक. नावांच्या बाबतीत मला कोणी नवीन काही सांगू शकणार नाही असा माझा समज होता. तो लेकीने मोडला.

लेक बोलोन्याला असते. जावई इटालियन, मूळचा लेच्चेचा, म्हणजे नकाशातला बूट बघितलात तर टाचेतला. मुलगी होणार हे तिकडे आधीच सांगतात. त्यामुळे नावावर भांडायला चार महिने मोकळे मिळाले आहेत, आणि आम्ही ते वाया घालवलेले नाहीत.

त्यांच्या दक्षिणेकडे जुनी रीत अशी, की पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव आणि पहिल्या मुलीला बापाच्या आईचं. मला यात वावगं काही वाटत नाही. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवायचेच, आणि सुनेने ते उच्चारायचं नाही म्हणून पोरगं जन्मभर ‘बाळ्या’ राहायचं. पण विहीणबाईंचं नाव आन्ना. आणि आमच्या घरात अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ८४, झुपकेदार मिशा, रोज पहाटे जॉगिंग ट्रॅकवर कानटोपी घालून चार फेऱ्या. लेक म्हणाली, ‘आई, दोन-तीन वाक्यं म्हणून बघ, सवय होईल.’ म्हटली. ‘आन्ना झोपली का? आन्नाने दूध ओकलं का?’ आतल्या खोलीतून आवाज आला, ‘कोणी सांगितलं तुला?’

लेकीची स्वतःची यादी वेगळीच. सोफिया, आउरोरा, जिनेव्रा, गाया. गाया ऐकून माझी बहीण म्हणाली, ‘एकच गाय पुरे की, गाया कशाला?’

त्यात मुदतीचा काच. आपल्याकडे जन्म २१ दिवसांत कळवायचा, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. वर्षभरात नाव दिलं तर पैसेही पडत नाहीत, आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत टाकता येतं. दहावीच्या फॉर्मच्या वेळी धापा टाकत आलेले बाप मी ढिगाने पाहिलेत. तिकडे इस्पितळातच नोंद करायची तर तीन दिवस, नगरपालिकेत करायची तर दहा, आणि नाव त्याच वेळी सांगायचं. बारसं बाराव्या दिवशी! म्हणजे आत्याने कानात कुर्र करायच्या आधीच शिक्का.

विहीणबाईंचा मान राहील, अण्णा दचकणार नाहीत, आणि पंचवटीतल्या माझ्या आईला कवळी न लावता म्हणता येईल, असं नाव सुचवा. मला स्वतःला ‘गोदा’ फार आवडतं. आजेसासूबाईंचं होतं.

बेर्गामोकर

काकू, मी मूळचा सातपूरचा, अकरा वर्षं इकडे इटलीत आहे. वाईट बातमी आधी देतो. ‘गोदा’ हे इटालियनमध्ये क्रियापद आहे. ‘मजा घ्यावी’ असं आदराने सांगताना हुबेहूब असाच उच्चार करतात. एवढंच असतं तर गोड होतं, पण त्या मजेला मोठ्या वर्गातली पोरं कुठला अर्थ लावतील ते जावईबापूंना एकटं गाठून विचारा. माझ्याकडून लिहवत नाही.

इकडे नाव ठेवताना आधी लेखी बघायचं. सी-एच म्हणजे क, आणि एच एकटा आला तर मुकाच. आमचा चिन्मय बालवाडीत पहिल्याच दिवशी ‘किन्माय’ झाला. जी-आय आलं की ज. आईला घेऊन दवाखान्यात गेलो होतो, नाव गीता. बाई दारातून ‘जीता, जीता’ म्हणून पुकारतेय आणि आई शांत बसून. जीता म्हणजे सहल. आई अजून सांगते, मला तिकडे सहल म्हणतात. तारा हे केवढं सुंदर नाव, पण इकडे त्याचा अर्थ माल मोजताना वजा करायचं डब्याचं वजन, आणि वर आनुवंशिक दोष.

सोफिया वाईट नाही, फक्त भरपूर आहेत. इकडची सांख्यिकी संस्था दरवर्षी नावांची यादी काढते, त्यात मुलींमध्ये सोफिया कित्येक वर्षं पहिली. मुलाच्या वर्गात तीन आहेत, बाई आडनावाचं पहिलं अक्षर जोडून हाक मारतात. मुलग्यांत २०१८ पासून लिओनार्दो, त्याआधी २००१ पासून फ्रान्चेस्को. माझी सत्तरीची शेजारीण म्हणते, ‘आमच्या वेळी जिन्यात ज्युसेप्पे अशी हाक मारली की चार दारं उघडायची. आता सगळे लिओनार्दो, आणि एकालाही चित्र काढता येत नाही.’ जिनेव्रा तिला मुळीच आवडत नाही. इटालियनमध्ये जिनिव्हा शहरालाही जिनेव्राच म्हणतात ना. तिचं म्हणणं, नात आहे की रेल्वे स्टेशन?

तुमच्या टेबलाला आवडेल असं एक सांगतो. इकडे हयात बापाचं किंवा हयात सख्ख्या भावंडाचं नाव बाळाला देता येत नाही (आजीचं चालतं), आणि हसं होईल असं नावही नाही. जेनोव्हात एका जोडप्याने मुलाचं नाव व्हेनेर्दी ठेवलं होतं, म्हणजे शुक्रवार. २००७ साली कोर्टाने ते रद्द करून ग्रेगोरियो केलं, कारण पोरगं सेंट ग्रेगरीच्या दिवशी जन्मलेलं.

टेबल नंबर तीन

शुक्रवार रद्द? अहो, सुरगाण्याच्या माझ्या वहीत अख्खा आठवडा होता. सोमा, मंगळ्या, बुधा, शुक्र्या. वाराला जन्मला, वाराचं नाव. कोणी हसलं नाही आणि कोणी कोर्टात गेलं नाही. उलट जन्मतारीख शोधताना मला सोपं जायचं, निदान वार तरी पक्का.

गोदाचं मात्र वाईट वाटलं. जावयाला विचारलं. तो आधी हसला, मग कानापर्यंत लाल झाला आणि फोन लेकीकडे दिला. समजले.

कॉलेज रोडचा मावळा

मराठी नावं संपली का हो? परक्यांची नावं ठेवायची हौस फक्त आपल्यालाच. जिजा ठेवा, सई ठेवा.

टेबल नंबर तीन

मावळेदादा, संपलेली नाहीत. पण निवृत्त व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं ‘कियारा’ लिहून माझा हात दुखायचा. सिडकोतली कियारा, देवळालीगावातली कियारा. लेकीने सांगितलं, त्यांच्याकडे जवळपास हाच उच्चार असलेलं जुनं नाव आहे, असिसीच्या संत बाईचं, अर्थ लख्ख, स्वच्छ. म्हणजे सिडकोला चालतं आणि इटलीत राहणाऱ्या माझ्या नातीला चालत नाही, असं कसं? बाकी ‘जिजा’ मी सुचवलं होतं. इंग्रजी ‘जे’ या अक्षराशी त्यांचं जमत नाही, विहीणबाई ‘यिया’ म्हणाल्या. आपण सोडून दिलं.

भद्रकालीची लेक

ताई, अनिता ठेवा की! गेल्या वर्षी आम्ही टूरबरोबर रोमला गेलो होतो. तिथे यानिकुलम टेकडीवर अनिता गारिबाल्दीचा पुतळा आहे. घोडा मागच्या पायांवर उभा, बाईच्या एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात तान्हं बाळ. गाइड काही सांगायच्या आत अख्खी बस ओरडली, ‘अगं बाई, झाशीची राणी!’ ही इटली एक करायला लढलेल्या त्यांच्या गारिबाल्दीची बायको, जन्माने ब्राझीलची, १८४९ साली पळापळीत आजारी पडून गेली. तिचं खरं नाव आना. अनिता म्हणजे छोटी आना. म्हणजे विहीणबाईंचं नाव राहिलं की नाही?

बेर्गामोकर

एक नंबर. सी नाही, एच नाही, लिहायचं तेच वाचायचं. फक्त ‘नी’ लांबवतील, आनीऽता. आणि नाव ‘आ’ने संपलं म्हणजे मुलीचंच असं इथे गृहीत धरू नका हं. लुका, निकोला, आंद्रेआ हे सगळे दाढीवाले. आंद्रेआ तर मुलीला ठेवू द्यायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, २०१२ मध्ये. तुमचे अण्णा इकडे आले तर त्या तिघांत खपून जातील.

टेबल नंबर तीन

अनिता! खरं सांगू, पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. ते माझ्या पिढीचं नाव. सत्तर सालच्या आसपासच्या वह्या उघडा, पानोपानी सुनीता, अनिता, संगीता. शेवटच्या दहा वर्षांत माझ्या टेबलावर एकही आलेली आठवत नाही. अनिता म्हटलं की मला दिसते ती चष्मा वर सरकवून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणणारी बाई. पाळण्यातली अनिता डोळ्यांसमोर येईचना. लेकीला म्हटलं तर ती म्हणाली, ‘आई, इथे ते नाव जुनं आहे, पण लोकांना जुनंच आवडायला लागलंय.’ आपल्याकडे तेवढी वाट बघायला कोणी तयार नसतं. सुनीतांची पाळी कधी येणार कोण जाणे.

टेबल नंबर तीन (पाच आठवड्यांनंतर)

मंडळी, नात झाली. तीन किलो शंभर. आठव्या दिवशी नगरपालिकेत नोंद झाली: अनिता. जावयाने दाखल्याचा फोटो पाठवला, मी आधी स्पेलिंग तपासलं, मग बाळाचा फोटो पाहिला. सवय.

विहीणबाई खूश. आपल्याच नावातून निघालं म्हणून रडल्या म्हणे. ‘आनीऽता’ म्हणताना त्या इतक्या लांबवतात की मध्ये चहा होईल.

बारसं आम्ही बाराव्या दिवशी इंदिरानगरलाच केलं, बाळाशिवाय. माळ्यावरून जुना पाळणा काढला, त्यात वरवंट्याला कुंची घालून निजवला. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बायकांनी तोच फिरवला. समोर मोबाइल उभा केला होता, त्यात लेक, जावई आणि झोपलेली अनिता. माझ्या मुलाला आत्या करून त्याच्याकडून फोनमध्ये कुर्र करवलं. पाळण्यातलं नाव गोदा ठेवलं. ते कुठल्याच कागदावर येत नाही, तेव्हा इटलीला आक्षेप नसावा.

आईने कवळी न लावता म्हटलं, नीट आलं.

अण्णांना सगळं झाल्यावर घुगऱ्या दिल्या आणि नाव सांगितलं. त्यांनी मिशीला लागलेली घुगरी पुसली. म्हणाले, ‘अनिता? बरंय. पेन्शनच्या खिडकीवर असते तीच ना?’