मदत हवी आहे: बॉलरूम नाचाच्या शूजचा स्वेडचा (खरखरीत तंतू असलेल्या मऊ कातड्याचा) तळ जळगाव-भुसावळकडे कोण बदलून देतं?

पंजाखालचा स्वेड संपलाय. एरवी तळ धूळ आणि फरशीच्या पॉलिशने गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासलं की तंतू पुन्हा उभे राहतात. आता मात्र नुसती भुकटी निघते. चांभार रबर लावा म्हणतात, पण ते नकोच. रबर फरशी धरून ठेवतं, गिरकी घेताना पाऊल अडकतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

नवं कातडं कोणत्या सोल्युशनने चिकटवावं? आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. गाडीच्या डिकीत तर साधं सोल्युशन मऊ पडून तळ कडेने सुटतो.

दुसरं, शूजच्या वरच्या सॅटिनच्या कापडावर बसलेली काळ्या मातीची धूळ. ओलं फडकं लावलं की डाग पसरतो. कोरड्या मऊ ब्रशने वरवरची निघते, विणीत शिरलेली कशी काढायची?

सरावानंतर कागद कोंबून सावलीत सुकवणं, मग सुती पिशवीत ठेवणं, टाचेला प्लॅस्टिकची टोपी, हे सगळं चालू आहे. धुळे, नंदुरबारचा कारागीर असला तरी चालेल, फक्त त्याने स्वेडचं काम आधी केलेलं असावं.